वृत्त, वर्तुळ आणि काही कोऱ्या जागा

‘वृत्त’ हा शब्द मराठीच्या अध्यापकाला निदान तीन ठिकाणी भेटतो. छंदःशास्त्रात तो लघुगुरूंची बांधणी होऊन येतो, वर्तमानपत्रात बातमी होऊन, आणि भूगोलाच्या पुस्तकात अक्षवृत्त, विषुववृत्त अशा जोडनावांत गोलाकार रेषा होऊन. तिन्हींच्या मुळाशी ‘वृत्’ हा एकच संस्कृत धातू आहे. फिरणे, वळणे, घडणे, असणे असा त्याचा पैस. वर्तुळ, वर्तन, आवर्तन, निवृत्ती हे त्याचेच गणगोत. ‘परावर्तन’ हाही त्याच घरातला. हे सारे वर्गात मी अनेकदा सांगितले आहे, पण वर्तुळ आणि परावर्तन हे दोन सख्खे शब्द एकाच प्रश्नात समोरासमोर उभे राहिलेले पाहायला मला एका गणिताच्या वहीची वाट पाहावी लागली.

वही दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. मुखेडच्या ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो तिथे गणित शिकवणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त होऊन लातूरला मुलाकडे राहायला गेले, तेव्हा ती त्यांनी माझ्या हाती दिली. ‘भाषा तपासून द्या’ एवढेच म्हणाले. वहीचे नाव ‘बंदिस्त जागेतला चेंडू’. विषय असा : एका सपाट, चारी बाजूंनी बंद टेबलावर एक चेंडू सोडला, घर्षण नाही, भोके नाहीत, चेंडूला आकार नाही, तो केवळ बिंदू आहे. तो सरळ रेषेत जातो, काठावर आपटतो, ज्या कोनात आपटला त्याच कोनात परततो आणि पुन्हा सरळ जातो. असे अनंत काळ चालले तर त्याच्या वाटेचे काय होईल? टेबलाच्या आकारावरून वाटेबद्दल काय सांगता येईल, आणि वाटेवरून आकाराबद्दल? जगात याला बिलियर्डचे गणित म्हणतात.

वहीत जागोजागी टिंबांच्या ओळी होत्या. सरांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता : मुखेडच्या बाजारातल्या दुकानदाराला जो शब्द कळतो तो चालेल, मग तो टेबल असो की कॅरम, पण ज्याला मराठी शब्द नाही त्या संकल्पनेच्या जागी इंग्रजी शब्द ठेवायचा नाही, जागा कोरी सोडायची आणि खाली पेन्सिलीने तिचे वर्णन लिहायचे. अशा कोऱ्या जागा मी मोजल्या, त्या सतरा निघाल्या. पुढे काचबिंदूने सरांची नजर इतकी आक्रसली की स्वतःचे अक्षरही त्यांना वाचता येईना. आता दर रविवारी सकाळी मी फोनवर वही वाचतो, ते ऐकतात आणि दुरुस्त्या सांगतात. अर्थात यामुळे कामाचे स्वरूपच पालटले. जे वाक्य कानाने कळत नाही ते वहीत राहू शकत नाही. आकृतीकडे बोट दाखवून सुटका करून घेण्याची सोय उरली नाही.

मुखेडमध्ये मी बिलियर्डचे टेबल पाहिलेले नाही. तो जिमखान्यांचा खेळ. त्यातला पहिला भारतीय जगज्जेता विल्सन जोन्स मात्र पुण्यात जन्मलेला (१९२२). त्याने हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद १९५८ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये जिंकले. आमच्याकडे खेळ म्हणजे कॅरम. आणि गणिताच्या दृष्टीने कॅरमचा बोर्ड हे बिलियर्डचे एक अत्यंत सोज्वळ रूप आहे, कारण तो नेमका चौरस असतो. खेळण्याचा पृष्ठभाग सुमारे ७४ सेंटिमीटर. स्टाफरूममधल्या बोर्डावर सरांनी मला पहिला धडा दिला तो असा. समोरच्या कडेवर आपटवून सोंगटी मारायची असेल तर कोन मोजत बसू नका. कडेपलीकडे आरसा आहे असे समजा, त्या आरशात सोंगटी जिथे दिसेल तिथे सरळ नेम धरा. कडेला लागून स्ट्रायकर परतेल तो खऱ्या सोंगटीकडेच. (स्ट्रायकर हा बिंदू नाही, त्याचा व्यास चार सेंटिमीटरच्या थोडा वर, म्हणून आरसा लाकडी कडेवर नव्हे तर दोन सेंटिमीटर अलीकडे धरावा लागतो. ही सूचना सरांनी वहीत मुद्दाम चौकटीत दिली आहे. त्यांचा खेळ माझ्यापेक्षा बराच चांगला होता.)

आता ही आरशाची युक्ती एकदाच का, पुन्हा पुन्हा वापरा. बोर्डाशेजारी आरशातला बोर्ड, त्याच्याशेजारी त्याचा आरशातला, असे करत सगळी जमीन बोर्डांनी फरशीसारखी भरून टाका. मग आपटत, वळत जाणारी वेडीवाकडी वाट त्या फरशीवर एकच सरळ रेषा होते. सगळी वळणे नाहीशी. उरतो फक्त प्रश्न की ही रेषा किती तिरपी आहे. आडव्या आणि उभ्या चालीचे गुणोत्तर दोन पूर्ण संख्यांचे असेल, तीन आडव्या घरांमागे दोन उभी असे काही, तर वाट कधीतरी स्वतःवरच येऊन मिटते आणि तेच आवर्तन सुरू होते. गुणोत्तर अपरिमेय असेल, समजा दोनाचे वर्गमूळ, तर वाट कधीच मिटत नाही. बोर्डावरचा कोणताही ठिपका घ्या, ती त्याच्या हवी तितकी जवळून जाते. चौरसापुरते रहस्य इथेच संपते. सर म्हणत, ‘चौरस हा सरळ माणूस आहे, त्याच्याजवळ लपवण्यासारखं काही नाही.’

वहीचा खरा जीव गोल कडांच्या टेबलांत आहे, आणि पहिली कोरी जागाही तिथलीच. ती भरणे सोपे गेले. ज्या आकाराला कुठेही आत दबलेपण नाही, ज्याच्या आतले कोणतेही दोन बिंदू दोरीने जोडले तर दोरी आकाराबाहेर जात नाही, तो आकार. कोशात त्याला बहिर्वक्र म्हणतात. मी तो शब्द सुचवताच सर म्हणाले, ‘पोरं विचारतील, बाहेर म्हणजे कुठून बघितल्यावर?’ मग त्यांनीच तोडगा काढला. पितळेच्या भांड्याला जो पोचा पडतो, तो पोचा नसलेला आकार. वहीत आता ‘बहिर्वक्र, म्हणजे बिनपोच्याचा’ असे आहे, आणि पुढे सर्वत्र बिनपोच्याचाच.

अशा टेबलांत सर्वांत साधे वर्तुळाचे. तिथे चेंडू पहिल्यांदा काठाशी जो कोन करतो तोच कोन जन्मभर राहतो. कोन नेमका जुळला तर पाच आपटांत पंचकोन किंवा पाच टोकांची चांदणी पुरी होते. नाही जुळला तर आपटण्याच्या जागा काठभर दाटत जातात. पण गंमत काठाची नाही, मधली आहे. वाट मिटो वा न मिटो, प्रत्येक तुकडा आतल्या एका लहान, समकेंद्री वर्तुळाला नुसता स्पर्श करून जातो. त्या वर्तुळाच्या आत चेंडू कधीही शिरत नाही. लाख वेळा आपटला तरी नाही.

हे आपल्याला कानांनी अनुभवता येते. विजापूरच्या गोल घुमटात, म्हणजे १६५६ मध्ये वारलेल्या महंमद आदिलशहाच्या कबरीवरच्या त्या वास्तूत, वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलेला शब्द पलीकडच्या टोकाला भिंतीला कान लावलेल्या माणसाला ऐकू येतो. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. भिंतीशी पाच अंशांचा कोन करून निघालेला ध्वनी आतल्या ज्या वर्तुळाला स्पर्श करत जाईल ते भिंतीपासून जेमतेम सात सेंटिमीटरवर असते. दहा अंशांचा असेल तर एकोणतीस सेंटिमीटरवर. म्हणजे कुजबुज मधला अवाढव्य पोकळ भाग ओलांडतच नाही, भिंतीला बिलगून फिरते आणि त्यामुळे विरत नाही. लॉर्ड रॅले यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधल्या अशाच सज्जाचे हे स्पष्टीकरण एकोणिसाव्या शतकातच दिले, आणि १९१० मध्ये लाटांच्या गणितातून ते पुन्हा मांडले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सदरलँड या सहकाऱ्याबरोबर १९२१ च्या सुमारास त्याच सज्जात प्रयोग करून रॅलेच्या हिशेबात न बसणारे आवाजाचे चढउतार नोंदवले. ध्वनी हा काही चेंडू नव्हे, एवढे त्यातून लक्षात ठेवायचे. आमच्या सहलीत विद्यार्थ्यांनी तिथे कुजबुजण्याऐवजी शिट्ट्याच मारल्या आणि घुमटाने त्या इमानेइतबारे परत केल्या. असो.

या आतल्या, कधीही न ओलांडल्या जाणाऱ्या रेषेला इंग्रजीत जो शब्द आहे तो ‘जाळणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे, कारण वक्र आरशाने गोळा केलेले किरण अशा रेषेवर दाटतात. चहाच्या स्टीलच्या पेल्यात तिरपे ऊन आले की चहावर जी चंद्रकोरीसारखी उजळ रेघ उमटते ती याच कुळातली. वहीतली सर्वांत मोठी कोरी जागा ही होती. एकाच शब्दासाठी पन्नासेक ठिकाणी टिंबे. मी आधी दाहवक्र सुचवला. सर म्हणाले, ‘इथे काय जळतंय?’ तेजोवक्र सुचवला. ‘चेंडूला तेज कुठलं?’ संगीतातला वर्ज्य स्वर आठवून वर्ज्यवक्र म्हटले. त्यावर ते थोडे थांबले. पण वर्ज्य ती रेषा नाही, तिच्या आतला प्रदेश; रेषेला तर चेंडू प्रत्येक वेळी शिवतो. हा फरक मला भाषेचा वाटत होता आणि सरांना गणिताचा. तासभर आम्ही एकच गोष्ट बोलत होतो, हे फोन ठेवल्यावर कळले.

त्या आठवड्यात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मी, अभ्यासक्रमाशी संबंध नसताना, हा प्रश्न टाकला. फळ्यावर वर्तुळ काढले, आत चांदणी काढली आणि मधली मोकळी जागा दाखवली. मुखेडचे दशरथेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर त्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, हे तर प्रदक्षिणेसारखं हाय. भिंतीला हात लावत लावत जायचं, पण गाभाऱ्यात जायचं नाही.’ मग वहीत आतला प्रदेश झाला गाभारा, आणि त्याच्या कडेची रेषा गाभारारेषा. सरांना हे लगेच पटले नाही. त्यांच्या मते गणिताच्या शब्दात देव येऊ नये. पण गाभा हा शब्द केळीच्या खांबातही असतो, तो काही केवळ देवळाचा नाही, असा युक्तिवाद मी केला आणि तो एकदाचा मान्य झाला. त्यांनी स्वतः आणखी एक दृष्टान्त जोडला, खळ्याचा. मळणीच्या खळ्यात मध्ये तिवडा रोवलेला असतो आणि त्याभोवती बैलांची पात फिरते. तिवड्याला दोरीचा सैल फास घाला, त्यात खुंटी अडकवून दोरी ताठ ठेवत फिरवा. खुंटीने जमिनीवर जी रेघ ओढली जाईल तिला काठ मानले, तर त्या काठाच्या टेबलाची गाभारारेषा म्हणजे तिवड्याचीच कड. तिवडा गोल असेल तर काठही वर्तुळ. एका तिवड्याऐवजी दोन बारीक खुंट्या रोवल्या तर काठ लंबवर्तुळ.

लंबवर्तुळाला विश्वकोशी परिभाषेत विवृत्त म्हणतात. पुन्हा तोच धातू. त्या दोन खुंट्यांच्या जागा म्हणजे त्याच्या दोन नाभी. एका नाभीवरून निघालेला चेंडू काठावर आपटून नेमका दुसऱ्या नाभीवरून जातो, तिथून पुन्हा पहिलीवर, आणि हळूहळू त्याची वाट लांब अक्षाला मिळत जाते. जो चेंडू दोन नाभींच्या मधून जात नाही तो त्याच नाभींच्या एका आतल्या लंबवर्तुळाला स्पर्श करत राहतो. जो मधून जातो तो त्याच नाभींच्या अपास्ताला. म्हणजे लंबवर्तुळात वाट कशीही सोडा, तिला एक शिस्त सापडतेच. वाङ्मयाच्या वाचकांसाठी एक पुरवणी : ‘अ‍ॅलिस’कार लुई कॅरॉल, जे पेशाने गणिताचेच अध्यापक होते, त्यांनी १८९० च्या सुमारास गोल टेबलावरच्या बिलियर्डचे नियम छापले होते. त्यात मला त्यांच्या कथांइतकाच खोडकरपणा दिसतो, कारण गोल टेबलाला कोपरे नाहीत आणि म्हणून नेम धरायला आधारच नाही.

कानाने कळणाऱ्या सिद्धतेचे सरांचे आवडते उदाहरण मी इथे जसेच्या तसे देतो. अमेरिकन गणिती जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की काठ गुळगुळीत आणि बिनपोच्याचा असेल, कुठेही सरळ नसेल, तर टेबलाचा आकार काहीही असो, तीन आपटांत मिटणारी वाट असतेच. चार आपटांत, पाच आपटांत, हव्या तितक्या आपटांत मिटणारीही असते, आणि प्रत्येक प्रकारच्या निदान दोन. त्यांतली एक कशी सापडते? फोनवर सर सांगतात : ‘काठावर तीन कोपरे टेकवून जेवढे त्रिकोण काढता येतील तेवढ्यांतला सर्वांत मोठ्या परिमितीचा निवडा. आता दोन कोपरे घट्ट धरा, त्यांना खुंट्या समजा. तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचेल एवढीच दोरी बांधून लंबवर्तुळ काढा. टेबलाचा काठ त्या कोपऱ्यापाशी लंबवर्तुळाच्या बाहेर जाईल का? गेला तर तिथे कोपरा सरकवून याहून मोठा त्रिकोण मिळाला असता. आपण तर सर्वांत मोठाच निवडलाय. म्हणजे काठ आतूनच लंबवर्तुळाला टेकलेला आहे, दोघांची स्पर्शिका एक आहे. लंबवर्तुळ पहिल्या खुंटीवरचा चेंडू दुसऱ्या खुंटीवर पाठवतं, तर काठही पाठवणार. तिन्ही कोपऱ्यांना हेच. झाली वाट.’

मी हा उतारा सात-आठ वेळा मोठ्याने वाचला असेल. यात एकही चिन्ह नाही, एकही समीकरण नाही, आणि तरीही ही नुसती कल्पना देणे नव्हे. ही सिद्धताच आहे. आपल्याकडे विज्ञानलेखनात ‘सोपे करून सांगणे’ म्हणजे बहुतेकदा सिद्धता गाळून तिच्याभोवतीचे किस्से सांगणे असते. सरांना त्याचा मनस्वी राग होता. मलाही आता येऊ लागला आहे.

मराठीत हे सांगण्याचा एवढा अट्टहास का, असे एका तरुण सहकाऱ्याने मला विचारले. बारावीनंतर मुले इंग्रजीतच शिकणार, मग ही वही वाचणार कोण? प्रश्न रास्त आहे. पण या भागाला त्याचे एक जुने उत्तर आहे. मुखेड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू ठरले, आणि त्यासाठी वर्षभर आधीच भाषांतराचा विभाग उघडून गणितापासून वैद्यकापर्यंतची पुस्तके आणि परिभाषा उर्दूत घडवण्यात आली. सरांचे वडील उर्दूत भूमिती शिकलेले. कोनाला ते शेवटपर्यंत जाविया म्हणत, वर्तुळाला दायरा आणि त्रिकोणाला मुसल्लस. मराठी घरातल्या मुलावर हे माध्यम लादलेले होते, यात शंका नाही, आणि मराठवाड्याने भाषेसाठी जे सोसले त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण एका भारतीय भाषेत पदवीपर्यंतचे गणित तीसेक वर्षे प्रत्यक्ष शिकवले गेले, तेही याच मुलखाच्या राजधानीत, ही गोष्ट खरी आहे. लादलेल्या भाषेत जे जमले ते स्वतःच्या भाषेत का जमू नये, हा सरांचा प्रश्न. वडिलांच्या तोंडचा जाविया ऐकतच ते गणिताकडे वळले होते. त्यांच्या वहीला स्वाभिमानाचे धडे नकोत, वाचक हवेत; आणि तो एकच वाचक असला तरी चालेल अशी त्यांची तयारी आहे.

वहीच्या उत्तरार्धात गाभारारेषा टिकते कधी आणि मोडते कधी, याचा विचार आहे. रशियन गणिती लाझुत्किन यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले की काठ पुरेसा गुळगुळीत असेल आणि सर्वत्र खरोखर वळत असेल, तर काठाजवळ अशा रेषा असतातच, आणि पुष्कळ असतात. म्हणजे कुजबुजीसाठी नेमके वर्तुळच हवे असे नाही. १९८२ मध्ये जॉन मॅदर यांनी याची दुसरी बाजू दाखवली. काठ एका जागी, अगदी एकाच बिंदूपाशी, वळायचा थांबला, त्याची वक्रता तिथे शून्य झाली, तर एकही गाभारारेषा उरत नाही. मग काठाला जवळजवळ बिलगून निघालेल्या चेंडूंतही असे असतात, जे पुढे कधीतरी काठ सोडून मध्ये घुसतात आणि उलट दिशेने बिलगून परत येतात. बाकी सगळा काठ कितीही सुडौल असो.

हे वाचताना साहित्याच्या माणसाच्या मनात काय येते ते मी जाणतो. वृत्तातली एक मात्रा चुकली की, परंपरेतला एक दुवा निसटला की, वगैरे. विज्ञानातले सिद्धान्त उचलून कवितेला चिकटवण्याची आपली खोड जुनी आहे. अनिश्चिततेचे तत्त्व आणि सापेक्षता यांची समीक्षेत जी दैना झाली ती आपण पाहिलीच आहे. मॅदर यांचा सिद्धान्त गुळगुळीत काठाबद्दल आहे, भुजंगप्रयाताबद्दल नाही. भुजंगप्रयातात एक गुरू लघु झाला तर एक चरण बिघडतो, बाकीचे तीन सुखरूप राहतात. साम्य शोधायचेच तर ते एवढेच की दोन्हीकडे नियम एका ठिकाणी लागतो आणि त्याचा परिणाम संपूर्ण आकृतीत शोधावा लागतो. याहून पुढे जाण्याचा मोह मी वर्गात टाळतो, आणि इथेही टाळतो.

सरळ कडांच्या टेबलांवर वहीत थोडीच पाने आहेत, पण त्यांत एक नाव आपल्या जवळच्या गावचे आहे. बेळगावात १९४७ मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले श्रीकृष्ण गोपाळराव दाणी यांच्या १९८१ च्या एका निबंधात एम. एस. रघुनाथन यांचे एक अनुमान प्रथम छापले गेले. मरीना रॅटनर यांनी ते दशकभराने सिद्ध केले. आणि पुढे मरियम मिर्झाखानी व अ‍ॅलेक्स एस्किन यांनी बहुभुज टेबलांशी निगडित पृष्ठभागांबद्दल जो गाजलेला सिद्धान्त मांडला त्याला नमुना होता तो हाच. मिर्झाखानी २०१७ मध्ये चाळिशीतच गेल्या. एवढे होऊनही एक शाळकरी वाटणारा प्रश्न शिल्लक आहे : प्रत्येक त्रिकोणी टेबलात मिटणारी वाट असते का? लघुकोन त्रिकोणाचे उत्तर अठराव्या शतकात फान्यानो यांनी दिले. तिन्ही लंबांचे पाय जोडले की झाली वाट. विशालकोन त्रिकोणांत संगणकाच्या मदतीने रिचर्ड श्वार्ट्झ शंभर अंशांपर्यंत पोचले, इतरांनी त्यापुढे आणखी बारा अंश रेटले. सर्व त्रिकोणांसाठी उत्तर अजून नाही.

आणि वहीचा शेवटचा भाग बर्कहॉफ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनुमानाचा. लंबवर्तुळात काठाजवळची सगळी जागा गाभारारेषांनी, एकाआड एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी भरलेली असते. असे दुसरे कोणते टेबल आहे का? अनुमान म्हणते, नाही. वर्तुळ आणि लंबवर्तुळ हीच दोन. ते पोरित्स्की यांनी १९५० मध्ये छापले. मिखाईल ब्याली यांनी १९९३ मध्ये दाखवले की पापुद्र्यांनी सगळेच व्यापले जात असेल, काहीही शिल्लक राहत नसेल, तर ते वर्तुळच. २०१६ आणि २०१८ मध्ये कालोशिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंबवर्तुळाच्या अगदी जवळच्या टेबलांसाठी ते सिद्ध केले. २०२२ मध्ये ब्याली आणि मिरोनोव्ह यांनी मध्याभोवती सममित असलेल्या टेबलांसाठी, काही अटींसह. सरसकट सर्व बिनपोच्याच्या टेबलांसाठी ते अजून सिद्ध झालेले नाही. यांतल्या अलीकडच्या गोष्टी सरांच्या वहीत नव्हत्या. त्या मी छापील लेखांच्या प्रस्तावना शब्दकोश घेऊन वाचून काढल्या आणि रविवारी त्यांना सांगितल्या. २०२२ चा निकाल ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पुन्हा वाचा. सावकाश.’

सतरांपैकी सोळा जागा आता भरल्या आहेत. सतरावी या अनुमानातलीच आहे. ज्या टेबलाचा काठालगतचा प्रदेश असा पापुद्र्यापापुद्र्याने उलगडतो त्या टेबलाला काय म्हणावे? समाकलन हा शब्द आपल्याकडे आहे, विश्वकोशात ‘अवकलन व समाकलन’ अशी नोंदच आहे; म्हणून समाकलनीय म्हणता येईल. पण सर म्हणतात की इथे कुणी कशाची बेरीज करत नाही, आणि ऐकणाऱ्याला त्या शब्दातून काहीच दिसत नाही. मी सुघट म्हटले, त्यांनी नाकारले. सुस्तर म्हटले, ‘हे औषधाचं नाव वाटतं’, म्हणाले. मागच्या रविवारी त्यांनीच ‘पापुद्री’ सुचवला आणि दुसऱ्या दिवशी फोन करून मागे घेतला. कुणाला याहून बरा शब्द सुचला तर जरूर कळवावा. अट एकच, तो फोनवर एकदा ऐकून कळला पाहिजे.